बकाराम फिटरचा विमा

बकाराम फिटर गाडी उभी करत, तेव्हा कुलूप लावून झाल्यावर खिशातून चार वाळलेली पळसाची पानं काढत आणि चारही चाकांना एकेक पान टेकवून ठेवत. पुढच्या चाकांना पुढून, मागच्यांना मागून. कोणी गाडी तसूभर जरी हलवली तरी पान चुरणार आणि बदमाशी उघडकीला येणार, असा त्यांचा बेत. एकदा त्यातलं एक पान बकरीनं खाल्लं. बकाराम तीन दिवस त्या बकरीच्या मालकाकडे अशा नजरेनं पाहत होते, की शेवटी तो बिचारा माझ्याकडे येऊन म्हणाला, "मास्तर, मले गाडी चालवताच येत नाई जी. तुमी सांगा ना त्यायले."

मी अड्याळच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलो तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. खोली मिळाली ती नेमकी बकारामच्या शेजारची. सामान उतरवत होतो तोच कुंपणापलीकडून एक उंच, वाळका माणूस डोकावला. अंगात खाकी शर्ट, कानावर पेन्सिल, आणि डावा डोळा नेम धरल्यासारखा अर्धा मिटलेला.

"बदली शिक्षा मनून झाली का मागून घेतली?"

"मागून घेतली."

"अड्याळ मागून घेतलं?" डावा डोळा आणखी बारीक झाला. "यात कायतरी हाये."

हे त्यांचं वाक्य मी पुढं हजारदा ऐकलं. दूधवाल्यानं आठवडाभर चांगलं दूध घातलं की यात कायतरी हाये. रेडिओनं पाऊस सांगितला आणि तो खरंच आला, की नक्कीच यात कायतरी हाये. माझ्या बायकोनं, सुमननं, त्यांच्याकडे एकदा वाटीभर खीर पाठवली, तर वाटी परत देताना ते तिला म्हणाले, "खीर चांगली होती. काम का होतं?"

धंदा विहिरीवरच्या मोटारी आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करण्याचा. आमच्या भागात धानाला पाणी लागलं आणि मोटार बंद पडली की माणसं वैद्याआधी बकारामला बोलावत. हात सोन्याचा. पण रोग्याच्या नातेवाइकांवर, म्हणजे मोटारीच्या मालकावर, विश्वास शून्य. शेतकरी म्हणे, "अचानक बंद पडली जी." बकाराम मोटारीकडे न पाहता मालकाकडे पाहत. "अचानक काहीच बंद पडत नाई. आधी माणूस खोटं बोलते, मंग मोटार बंद पडते."

मोटारी वाहून आणायला त्यांनी नागपूरहून एक जुनी बंद व्हॅन घेतली होती. ती आधी कुठल्या तरी बिस्किटाच्या कारखान्याची होती. निळा रंग मारला होता, पण उन्हं तिरपी झाली की रंगाखालून 'कुरकुरीत' हा शब्द स्पष्ट वाचता येई. तेव्हापासून पोरं त्यांना मागून काय म्हणत असतील ते सांगायला नको. या गाडीत ते कोणालाही बसू देत नसत. एकदा भर पावसात मी एस.टी.ची वाट पाहत भिजत उभा होतो. समोरून शेजाऱ्याची रिकामी गाडी आली, हळू झाली, काचेतून डावा डोळा दिसला, आणि "जागा नाई, मास्तर!" असं ओरडून गाडी निघून गेली.

ही व्हॅन एक दिवस भंडाऱ्यात पोलिसानं अडवली. विम्याचा कागद दाखवा म्हणाला. कागद होता, पण तो बिस्किटवाल्यांच्या नावाचा आणि मुदत संपलेला. पोलिसानं समज देऊन सोडलं. दंड घेतला नाही, याचाच बकारामला जास्त धक्का बसला.

"सोडून देल्लं मले. फुकट. यात कायतरी हाये. तो पोलीस अन् विमेवाले एकच असतीन."

त्या दिवशी माझ्या आयुष्यात विमा आला. इंग्रजी वाचणारा शेजारी हा जवळजवळ सरकारी नोकरच असतो. रविवारचा त्याच्यावर हक्क नसतो.

महिनाभरात तीन एजंट येऊन गेले. पहिला गुळगुळीत बोलायचा, म्हणून बाद. दुसरा फार कमी बोलला, म्हणून बाद. तिसरा कुंभलकर नावाचा, भंडाऱ्याहून एस.टी.नं येणारा, चाळिशीचा, रेक्झिनची पिशवी पोटाशी धरून बसणारा माणूस. तो घाम पुसत म्हणाला, "पाणी मिळेल का?" याच्यात दोष काढता आला नाही म्हणून तो टिकला.

पण खरी अडचण वेगळीच होती. तिघांच्या तीन कंपन्या, आणि तिघांचाही दर अगदी सारखा.

"मास्तर, बजारात तीन भाजीवाल्यायचा भाव एकच निंगला तं तुमी का समजसान?"

"अहो, विम्याचे दर सरकारनं ठरवून दिलेत."

"मंजे चौथाही सामील हाये."

निवड दोन प्रकारांत होती. एक साधा, कायद्यापुरता: आपल्या गाडीनं रस्त्यावरच्या कोणाला इजा झाली तर कंपनी भरून देणार, आपल्या गाडीचं काही झालं तर आपलं आपण बघायचं. दुसरा पूर्ण: त्यात गाडीची मोडतोड, आग, चोरी, सगळं. दुसरा अर्थातच महाग. कुंभलकरांनी हे पाच मिनिटांत सांगितलं. बकारामना ते समजायला पाच मिनिटं लागली आणि पटायला पाच महिने.

"कागद ठेवून जा," ते म्हणाले. "मास्तर बारीक अक्षर वाचतीन. मोठं अक्षर आपल्यासाठी असते. बारीक अक्षर त्यायच्यासाठी."

असे आम्ही पाच-सहा रविवार बसलो. मी डिक्शनरी घेऊन आणि ते भिंग घेऊन. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी मी वाचत असलेल्या ओळीवरून ते भिंग फिरवत राहत. मी एखादा शब्द गाळतो की काय यावर त्यांचं लक्ष.

"युद्ध किंवा परकीय आक्रमणात नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही," मी वाचलं.

"परकीय आक्रमण? अड्याळवर?"

"तसं लिहिलंय खरं."

बराच वेळ विचार करून ते हळू आवाजात म्हणाले, "त्यायले कायतरी मालूम हाये."

मग आला हत्यारांचा प्रश्न. गाडी जळली तर गाडीचे पैसे, पण गाडीतले पाने, तांब्याची तार, दुरुस्तीला आणलेल्या लोकांच्या मोटारी यांचं काय? काहीच नाही, असं कागद सांगत होता. बकाराम उठून उभेच राहिले.

"मंजे खोका जळला तं पैसे, अन् खोक्यातलं जळलं तं राम राम? मास्तर, मी गाडीवर पोट भरतो का पान्यावर?"

हा प्रश्न बिनतोड होता. पुढच्या खेपेला त्यांनी तो कुंभलकरांना विचारला. दुसरा एखादा एजंट असता तर त्यानं गोड बोलून वेळ मारून नेली असती. कुंभलकर म्हणाले, "खरं आहे तुमचं. या पॉलिसीत हत्यारं येत नाहीत. त्याला वेगळा विमा लागतो, आणि खरं सांगू का, तुम्हाला तो परवडणार नाही. हत्यारं रात्री घरात ठेवा."

बकाराम चमकले. विकायला आलेला माणूस 'घेऊ नका' म्हणतो, हा अनुभव त्यांना नवा होता. आणि नवीन अनुभवावर ते एकच इलाज करत.

"मले क्लेम भेटलेला माणूस दाखवा," ते म्हणाले. "फोटो नको. चिठ्ठी नको. जिता माणूस."

कुंभलकरांनी पिशवीतून वही काढली. "एक दाखवतो मिळालेला, पवनीला. आणि एक न मिळालेला, करडीला. दोघांनाही भेटा."

आम्ही भेटलो. 'आम्ही' म्हणायचं कारण, साक्षीदार म्हणून मला जावं लागलं. आणि तेव्हा मात्र गाडीत जागा निघाली. पुढच्या बाकावर मी बसलो तर त्यांनी आधी माझ्या चपला झाडायला लावल्या. सीटमागं, माल पुढं येऊ नये म्हणून, लोखंडी जाळी होती, आणि मागच्या छोट्या खिडकीला फुलाफुलांचा पडदा. पडदा कशाला, असं मी विचारलं. "ऊन," ते म्हणाले. मोटारींना ऊन लागतं हे मला माहीत नव्हतं.

पवनीचा माणूस आठवडी बाजारात कापड विकणारा. त्याचा टेंपो चिंचेच्या झाडावर आदळला होता आणि कंपनीनं दुरुस्तीचे पैसे दिले होते. तो हे आनंदानं सांगत होता आणि बकाराम त्याचं एक अक्षर न ऐकता टेंपोपाशी उकिडवे बसले होते. बोटाच्या पेरानं त्यांनी पत्रा ठोकून पाहिला, कान लावला, नखानं रंग खरवडला. मालक ओरडला. शेवटी बकाराम नाराजीनंच उठले. "पत्रा नवाच हाये," ते मला म्हणाले. एखाद्या दुष्टाला पुरावा न मिळाल्यानं सोडावं लागावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

पुढच्या रविवारी करडी. तिथला हरिभाऊ कवेलू, म्हणजे छपराची कौलं, बनवून विकायचा. वयानं बकारामच्याच बरोबरीचा. त्यानं आम्हाला बाजेवर बसवलं आणि काहीही न लपवता सांगितलं. दोन वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत तो कवेलू टाकून रिकामा टेंपो घेऊन परतत होता. चिखलात दिवसभर वाकून धान रोवलेल्या बाया रस्त्यानं चालत होत्या. त्यानं त्यांना मागं बसवलं. तलावाच्या पाळीवर चाक घसरलं आणि टेंपो कलंडला. एका बाईचा पाय कायमचा गेला.

"कंपनी मने, तुमची गाडी मालाची. मालाच्या गाडीत मानसं बसवली, त्याचं आमी देत नाई. मी कोणापासून भाडं नवतं घेतलं जी. पण मालगाडीत बसलेला माणूस माल बी नसते अन् माणूस बी नसते." तो थोडा थांबला. "ते बाई इथंच राह्यते, दोन घरं सोडून. तिच्या घरचं पाणी मी भरतो. विहीर लांब पडते तिले."

आम्ही परत निघालो. मी वाट पाहत होतो 'यात कायतरी हाये'ची. ते आलंच नाही. मोहाडीच्या पुढं गाडी थांबवून बकाराम खाली उतरले, मागं गेले, मागचं दार उघडून बराच वेळ आत पाहत उभे राहिले, आणि दार लावून परत आले.

आठवड्यानं कुंभलकर आले. बकाराम तयारच होते.

"पूर्ण विमा करा. अन् मांगं बसनाऱ्याचं का ते सांगा."

कुंभलकर म्हणाले, थोडे जास्त पैसे भरले की मालाच्या गाडीत भाडं न देणाऱ्या प्रवाशाची जबाबदारीही कंपनी घेते. हरिभाऊनं तेवढं केलं असतं तर निभावलं असतं. "पण फिटर, तुम्ही तर कोणाला बसवत नाही. या मास्तरांना पावसात सोडून गेलात म्हणतात."

"ते सोडा. लिवा."

"किती प्रवासी?"

"एक."

"नाव लागत नाही, नुसती संख्या लागते."

"नाव लागत नाई ना? नक्की? पुढं तं नाई ना इचारणार?" हे त्यांनी तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा माझ्याकडेही पाहिलं.

संशय हा नायट्यासारखा असतो. शेजारी राहिलं की लागतो. मला तो त्या दिवशी लागला. ज्या गाडीत चिटपाखरूही बसत नाही, तिच्यात हा एक कोण? मी लक्ष ठेवू लागलो. दर दुसऱ्या सोमवारी बकाराम सकाळी गाडी काढून पवनीच्या दिशेला जात. दोन तासांनी तीच गाडी उलट येई आणि अड्याळात न थांबता, पडदा ओढलेली, सरळ भंडाऱ्याकडे निघून जाई. बसथांब्यावरच्या चहावाल्यालाही हे ठाऊक होतं. त्याचा अंदाज होता चोरीची तांब्याची तार. शाळेतल्या शिपायाचा अंदाज होता मोहाची दारू. एकदा कुंपणापाशी बोलता बोलता मला उघड्या दारातून गाडीच्या तळाशी बायकांची लाकडी फणी दिसली. मी सुमनला सांगितलं. सुमन म्हणाली, "यात काहीतरी आहे." आणि मग आम्ही दोघंही शरमलो.

पुढच्या पावसाळ्यात, एका सोमवारी संध्याकाळी, बकाराम चालत घरी आले. गुडघ्यापर्यंत चिखल, शर्ट फाटलेला, आणि बरोबर गाडी नाही. सरळ माझ्या ओसरीवर येऊन बसले.

"मास्तर, कंपनीले पत्र लिवा. गाडी बांधीत गेली."

बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं खाचर. पवनी रस्त्यावर म्हशींचा कळप आडवा आला, त्यांनी गाडी एका बाजूला दाबली, आणि ती कडेच्या उतारावरून घसरून चिखलात आडवी झाली. त्यांना खरचटण्यापलीकडे काही नव्हतं.

"आत कोणी होतं?" मी विचारलं.

ते चिखलाच्या पायांकडे पाहत राहिले. "होतं. मनगट मोडलं. ट्रकवाल्याले थांबवून भंडाऱ्याले नेलं, प्लास्टर घातलं, पवनीले घरी पोचवून आलो."

"कोण?"

"सगुणा," ते म्हणाले. "बायको होये माही."

बकारामचं लग्न झालं होतं हे मला तेव्हा कळलं. गावात ती गोष्ट इतकी जुनी होती, की मला ठाऊकच असेल असं सगळे धरून चालले होते. अठरा वर्षांपूर्वी ती याच घरात नांदत होती. बकाराम दिवसभर विहिरींवर फिरत आणि मनात एकच: आपल्यामागं ही तांदूळ भावाला देते. म्हणून सकाळी निघताना ते कोठीतल्या तांदळावर हाताचा पंजा दाबून ठसा उमटवत, आणि संध्याकाळी येऊन तो पाहत. त्या दिवसाचे तांदूळ ते आधीच काढून देत. ती काही बोलली नाही. वर्षभर बोलली नाही.

"एका सांजेले आलो तं घरात कोणी नाई. कोठी उघडली. पंजा तसाच. एक दाना इकडचा तिकडं नाई. आन् सकाळी मी काढून देल्लेले तांदूळ सुपात तसेच. शिजवले नाई, खाल्ले नाई. उपाशी गेली माहेराले." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "तिच्या भावाची बारा खंडीची शेती होती, मास्तर. त्याले माह्या तांदळाची का गरज?"

आणायला ते कधी गेले नाहीत. तिनं निरोप पाठवला नाही. पुढं तिचे गुडघे धरले. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी महिन्यातून दोनदा शेक घ्यायला बोलावलं. दोन-अडीच वर्षांपूर्वी पवनीला एक मोटार उतरवून परतताना बकारामना ती थांब्यावर दिसली. एस.टी.ची पायरी उंच. दोनदा पाय उचलला, पोचला नाही. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी गेली. बकारामनी व्हॅन उभी केली, उतरून मागचं दार उघडलं आणि बाजूला तोंड करून उभे राहिले. ती आत बसली. तेव्हापासून दर दुसरा सोमवार. मागच्या दाराखाली त्यांनी एक बुटकी लोखंडी पायरी जोडून घेतली होती. मोटारी चढवायला, असं मला सांगितलं होतं. मोटारींना पायरी लागत नाही, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मी पत्र लिहिलं. क्लेम पुढं मिळाला, काच आणि रबराचे पैसे कापून. कुंभलकर खरे निघाले. पण मिळाला तो एका दुपारमुळे, आणि मला सांगायची ती तीच दुपार.

कंपनीनं नागपूरहून एक सर्व्हेअर पाठवला. गाडी पाहून झाल्यावर तो म्हणाला, प्रवासी बाईंचा जबाब लागेल. त्यांनी भाडं दिलं असं निघालं तर गाडीचा वापर बेकायदा ठरतो आणि क्लेम संपला. गाडीचाही, बाईंचाही. लिहून घ्यायला मास्तर चालतील. मात्र गाडीमालकानं जबाबाच्या वेळी बाहेर थांबायचं.

सर्व्हेअरच्या जीपमध्ये मागं बसून पवनीला जाईपर्यंत बकारामचा रंग उतरला होता. ते माझ्या कानाशी लागले.

"ती का बोलन, काय सांगता येते? एक शब्द बोलली, भाडं देल्लं मनून, तं गाडी गेली. धंदा गेला. अन् बोलन. काहून नाई बोलन? मी असतो तं बोललो असतो."

सगुणाबाईंच्या भावाच्या घराबाहेर कुंपणापाशी ते उन्हात उभे राहिले. मी आणि सर्व्हेअर ओसरीवर गेलो. ठेंगणी, सावळी बाई, हात गळ्यात बांधलेला, पण बसणं ताठ. सर्व्हेअरनं विचारायला सुरुवात केली आणि मी लिहू लागलो.

"तुम्ही त्या गाडीतून नेहमी जात होता?"

"हाव जी. पंधरा दिवसानं."

"भाडं किती देत होता?"

माझी पेन्सिल थांबली. कुंपणापाशी दोन हातांनी बोरीची काठी घट्ट धरलेले बकाराम मला दिसत होते. त्यांना ऐकू काही येत नव्हतं.

सगुणाबाई म्हणाल्या, "भाडं नाई. त्यायनं मांगतलं नाई, मी देल्लं नाई."

"कधीच? भाजी, तांदूळ, असं काही?"

"तांदूळ तं नाईच," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. "साहेब, पयले सा महिने आमी बोललोबी नाई. ते पुढं, मी मांगं. मधात जाळी. मंग एक दिवस ते मने, धचके लागतेत का. मी मनलं, लागतेत. तं दुसऱ्या खेपेले गादी होती."

मी लिहीत गेलो. सर्व्हेअरनं कागदावरचा पुढचा रकाना पाहिला.

"गाडीमालकाशी नातं?"

मोडक्या हाताची बोटं प्लास्टरबाहेर आली होती, ती त्यांनी हळूहळू मिटली आणि उघडली.

"लिवा. नवरा."

सर्व्हेअरनं चष्म्यावरून पाहिलं. "मग तुम्ही इथं, ते अड्याळला, असं वेगळं का?"

"तेचा रकाना हाये का तुमच्या कागदात?"

"नाही."

"मंग राहू द्या."

जबाब संपला. त्यांनी डाव्या हातानं अंगठा दिला. मी कागद सर्व्हेअरकडे देऊन कुंपणापाशी आलो. बकारामनी काठी सोडली नव्हती.

"का बोलली?"

"भाडं घेतलं नाही म्हणाल्या."

त्यांनी श्वास सोडला, पण डोळा माझ्यावरून हटला नाही. "अन् आखीन?"

"नातं विचारलं. त्या म्हणाल्या, नवरा."

बकारामनी काठी सोडली. मग एक पाऊल जवळ येऊन, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तिनं सोताहून सांगतलं? का साहेब मनला, 'नवरा का?' अन् तिनं मान हालवली?"

"स्वतःहून सांगितलं, बकारामभाऊ. साहेबानं फक्त नातं विचारलं होतं."

ते वळून रस्त्याकडे पाहू लागले. रस्त्यावर काहीच नव्हतं. ओसरीवरून सगुणाबाईंचा आवाज आला. तो सर्व्हेअरसाठी नव्हता, आणि माझ्यासाठीही नव्हता.

"च्या ठेवला हाये. उन्हात कायले उभे हाव जी?"

बकाराम कुंपण ओलांडून ओसरीच्या पायरीपाशी गेले. तिथं वाकून ते चपलांचे पट्टे सोडू लागले. पट्टे साधेच होते, पण सुटायला त्यांना बराच वेळ लागला. मी जीपकडे चालू लागलो, आणि मागं वळून पाहिलं नाही.